गारखेड्यातली हवा

उत्तरेस जालना रस्ता, दक्षिणेस बीड बायपास आणि या दोहोंच्या मध्ये गारखेडा. आज तेथे विभागीय क्रीडा संकुल, सूतगिरणी चौक आणि वसाहतींमागून वसाहती उभ्या असल्या, तरी निजामाच्या अमलात औरंगाबादेबाहेरचे ते एक खेडेच होते, आणि खेड्यातल्या चाकाला हवेची गरज नसे. त्याला लागे ती धाव. सुताराने तुंबा, आरे आणि पाटे जुळवावेत, लोहाराने लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून त्यांवर चढवावी आणि वर पाणी ओतून ती आवळून घ्यावी, की चाकाची विवंचना निदान उन्हाळ्यापर्यंत मिटली. उन्हाने लाकूड सुकून धाव ढिली झालीच, तर चाक पाण्यात भिजत ठेवीत. दाब मोजण्याचे काम कोणाच्याही गळ्यात नव्हते.

रबराच्या नळीत हवा कोंडून तिच्यावर गाडी चालवण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच पेटंटाच्या दप्तरी नोंदवली होती. पण तिला गिऱ्हाईक मिळेना, आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली, तेव्हा कोठे जगाने तिची दखल घेतली. ऑगस्ट श्रेडरच्या व्हॉल्व्हचे पेटंट १८९३ चे. पुढे या व्हॉल्व्हच्या आट्यांशी आपले काम पडणार आहे, म्हणून त्यांची याद राहू द्यावी.

निजाम सरकारने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांनिशी आपले रस्ता-वाहतुकीचे खाते सुरू केले. मोटार आली आणि तिच्या मागोमाग, कोणत्याही सनदेवाचून, हवा-पंक्चरवाल्याचा धंदा आला. त्याची दौलत ती केवढी: पाण्याने भरलेले घमेले, सोल्युशनची नळी, पॅच, टॉमी, आणि ऐपत असली तर धापा टाकणारा कॉम्प्रेसर. पण त्याचे खरे भांडवल बोटांत आणि कानांत असे. सायकलचे चाक तो अंगठ्याने दाबून पाही, मालमोटारीच्या चाकावर टॉमी हाणून नादावरून पौंड सांगे, आणि ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुड्यांची माळ निघेल तेथे बोट ठेवी. या विद्येला कोणत्याही शाळेने दाखला दिला नाही, हा शाळांचाच कमीपणा म्हणावा लागेल.

१९८२ मध्ये औरंगाबादेत महानगरपालिका आली, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच वाळूजला पुढे गुडइयरचे टायरही होऊ लागले. कामगार, कारकून आणि शिक्षक यांच्या दारोदारी दुचाक्या आल्या, तसे ‘हवा’ एवढीच अक्षरे रंगवलेले जुने टायर कोपऱ्याकोपऱ्यावर टांगलेले दिसू लागले.

परदेशात मात्र अंगठ्यावरचा विश्वास उडत चालला होता. १९८६ च्या पोर्श ९५९ गाडीत चाकाचा दाब यंत्रच चालकास कळवी. २००० साली फायरस्टोनला लाखो टायर परत मागवावे लागले, तेव्हा अमेरिकेने कायदा करून हे यंत्र सक्तीचे करण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी असे यंत्र, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान गाड्यांना जादा चाक बाळगण्यापासून सूट दिली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि त्या तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटण्याच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा ज्यांनी कधी हवा तपासली नव्हती तेही आकडे विचारू लागले. हवेचे तापमान दहा अंशांनी चढले की मोटारीच्या टायरमधला दाब दीड ते दोन पौंडांनी चढतो. आणि हवा कमी असली तर टायर वाकून वाकून स्वतःच तापतो.

आता श्रेडरच्या त्याच आट्यांवर झाकणाऐवजी एक टोपी बसते आणि ती ब्लूटूथने मोबाइलला दाब कळवते. मालमोटारींच्या मालकाला लहान पडद्याचा कंटाळा येतो, म्हणून ब्लूस्टॅक्ससारख्या साधनाने संगणकात आभासी मोबाइल उभा करून ते अ‍ॅप कचेरीतल्या मेजावर आणण्याचा खटाटोप होतो. अ‍ॅप उघडते, चाकांचे चित्र दिसते, आणि आकड्यांच्या जागी कोऱ्या रेघा; कारण टोपीचा आवाज फार लांब जात नाही, आणि आभासी मोबाइलला बहुधा संगणकाच्या ब्लूटूथचा कानच नसतो. गाडी बीडच्या वाटेला आणि मालक गारखेड्यात, अशा वेळी तर कान असूनही उपयोग नाही. धावेपासून या रेघांपर्यंतच्या प्रवासात हवा जाणणारा मनुष्य चाकापासून एकेक पाऊल दूर सरकत गेला, हे माझे मत कोणास जुनाट वाटले तरी हरकत नाही.

मालमोटारीच्या मागच्या जोडचाकांतल्या आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत हात सहजासहजी पोचत नाही; त्याची हवा अजूनही टॉमी हाणूनच पाहतात.