स्तनकर्करोग : आर्थिक ओढाताण व सामाजिक आधार

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांमुळे रुग्ण स्त्रीवर व तिच्या घरावर येणारा पैशाचा ताण, आणि त्या काळात नातलग, शेजारी, संस्था व शासन यांच्याकडून तिला मिळणारे पाठबळ. अभ्यासक या दोन बाबी स्वतंत्रपणे मोजतात. प्रत्यक्षात त्या सुट्या करता येत नाहीत, कारण आपल्याकडे अनेक घरांत उपचाराचा पहिला पैसा नात्यातूनच उभा राहतो.

भारतीय स्त्रियांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १,९२,००० नव्या रुग्णांची भर पडली. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार मिळून बरेच महिने जातात. ‘हर-टू’ प्रकारच्या गाठीत ट्रास्टुझुमॅब हे औषध साधारणतः वर्षभर, दर तीन आठवड्यांनी द्यावे लागते. त्याची भारतीय बनावटीची जैवसदृश रूपे आल्यावर किंमत उतरली, तरी रोजंदारीच्या घराला ती जडच जाते. याउलट टॅमॉक्सिफेनची गोळी स्वस्त असते, पण ती पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते.

रुग्णालयाच्या बिलात न दिसणारा खर्च पुष्कळदा अधिक जाचतो. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून रुग्ण येतात. सोबतच्या माणसाचा रोज बुडतो आणि राहण्याचा प्रश्न असतोच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचे मोल इथे कळते. किरणोपचाराचा पाच आठवड्यांचा क्रम अनेक रुग्णांत तीन आठवड्यांवर आला आहे. हा बदल वैद्यकीय खरा, पण त्यामुळे मुक्कामाचे पंधरा दिवसही वाचतात.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत, तसेच आयुष्मान भारत योजनेत, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला व सोबत्याला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे. मात्र या सगळ्याला कागद लागतात. आधारकार्डावर माहेरचे नाव आणि रेशनकार्डावर सासरचे, एवढ्यावरूनही काम अडू शकते. अशा वेळी रुग्णालयातील समाजसेवा विभागाची खिडकी गाठून देणारे माणूस रोख रकमेइतकेच उपयोगी पडते.

सामाजिक आयुष्य आकसते त्याची कारणे केवळ शारीरिक नसतात. केस गेल्यामुळे बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, हळदीकुंकवाला जाणे टाळते, हे सहज दिसते. दागिने गहाण पडलेले असतात, लग्नात आहेर करण्याची ऐपत उरलेली नसते आणि मांडवात ज्यांच्याकडून उसने घेतले तेच भेटणार असतात, हे फारसे बोलले जात नाही. ज्यांचा आधार त्यांचेच देणे, अशी ही कोंडी आहे. काखेतील गाठी काढल्यावर काहींचा हात सुजतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईची कामे सुटतात आणि त्याबरोबर त्या घरांतली ओळखपाळखही. मुलीचे लग्न जमायचे असेल तर घरचे आजारच लपवतात. लपवलेल्या आजाराला मदत मिळत नाही, म्हणून ही गुप्तता पैशाच्या हिशेबातही महागात पडते.

या कोंडीतून वाट काढणारा आधार बहुधा परतफेडीची अपेक्षा नसलेला असतो : न्यासांचे अनुदान, धर्मशाळेतले जेवण, स्वयंसेविकांनी सुती दोऱ्याने विणून फुकट दिलेले कृत्रिम स्तन. उपचार घेऊन बऱ्या झालेल्या स्त्रियांचे गट यात विशेष उपयुक्त ठरतात. त्यांच्यापुढे पदर काढता येतो आणि कर्जाचा आकडाही सांगता येतो. तथापि मदतीचा ओघ शस्त्रक्रिया व केमोथेरपीच्या काळातच मोठा असतो. त्यानंतरच्या तपासण्या, गोळ्या आणि फिटायची राहिलेली उसनवारी यांसाठी क्वचितच कोणी विचारपूस करते.