छायाचित्रामागील पडदा

सन १८६७ च्या कायद्यान्वये मॉरिशसमधील करार संपलेल्या हिंदी मजुरांना स्वतःचे छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तशी सहस्रावधी छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. चेहरा ओळखता यावा, एवढाच त्यांचा हेतू. मागे काय असावे, हे त्या मजुराला कोण विचारणार?

छायाचित्रकाराच्या दालनात मात्र ही निवड गिऱ्हाइकाची असे. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली लहान छायापत्रांचे पेटंट घेतले. चित्रे स्वस्त झाली आणि खांब, कठडे, उद्याने रंगविलेले पडदे देशोदेशी पोचले. ते बहुधा करड्या व तपकिरी छटांत रंगवीत, कारण चित्रात रंग उमटत नसत. पडद्यावरील सावली एकीकडे आणि माणसाच्या अंगावरील दुसरीकडे पडली, की सोंग उघडे पडे. पुढे पडद्यावर प्रकाशाने दृश्य पाडण्याची युक्ती निघाली, आता संगणक ते काम करतो. सावलीचा नियम तोच आहे.

उसाच्या मळ्यात राबणाऱ्याचा मुलगा ऐपत येताच संगमरवरी कठड्याशी उभा राहिला, तर त्यात खोटेपणा शोधू नये. परवान्यावर सरकारने त्याच्या बापाला दाखविले होते. येथे तो स्वतःला दाखवीत होता. जुन्या चित्रातील पडदा पुसून तेथे कोकणातील घर वा एखादा गड बसविण्याची हौस संगणकाने सोपी केली आहे. ती खुशाल भागवावी. मूळ प्रत तेवढी फेकू नये. तो रंगविलेला कठडा आजोबांनी निवडलेला असतो.