बॉम्बे आर्टिलरी आणि एतद्देशीय गोलंदाज

इ.स. १७१६ मध्ये वूलिच येथे दोन कंपन्यांनिशी रॉयल आर्टिलरीची स्थापना झाली. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत १७४८ मध्ये आपला स्वतंत्र तोफखाना उभारला. पुढे त्यात एतद्देशीय गोलंदाजांचाही समावेश झाला. आज मराठीत मुख्यतः क्रिकेटपुरता उरलेला हा शब्द तेव्हा इंग्रजी लष्करी कागदपत्रांतही रूढ होता.

कंपनीने शिकविलेले गोलंदाज तोफांची तोंडे तिच्यावरच फिरवू शकतात, हे १८५७ च्या उठावाने दाखवून दिले. परिणामी मोजक्या तुकड्या वगळता एतद्देशीय तोफखाना मोडण्यात आला. कंपनीचा युरोपीय तोफखाना १८६१-६२ मध्ये रॉयल आर्टिलरीत विलीन झाला. संमती न घेता राणीच्या सेवेत वर्ग केल्यामुळे १८५९ मध्ये कंपनीच्या गोऱ्या सैनिकांतही असंतोष उफाळला होता.

बचावलेल्या तुकड्यांत मुंबईची एक होती. २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभारलेली ही गोलंदाज कंपनी पुढे '५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी' म्हणून ओळखली गेली. सुटे भाग करून खेचरांवर लादावयाच्या हलक्या तोफाच तिच्या वाट्यास आल्या. अविश्वासाचे याहून बोलके प्रमाण क्वचितच सापडेल. भारतीयांच्या हाती मैदानी तोफा पुन्हा येण्यास १९३५ साल उजाडले. भारतीय तोफखाना आपला स्थापना दिन २८ सप्टेंबर रोजीच पाळतो.