साखळीची कुरकुर
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

पत्र्याच्या डब्यात सुटे पैसे घालून कुणी हळूहळू हलवावा, तसा आवाज यायचा. गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू असलं की यायचा, जरा रेस दिली की दबायचा. साल १९९६. गाडी वडिलांची, १९७९ची प्रीमियर पद्मिनी. पाच वर्षं नंबर लावून मिळालेली. कागदोपत्री पद्मिनी, पण घरात तिला कायम 'फियाट'च म्हणत.

दादरला आमचे एक ठरलेले मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी बॉनेट उघडलं, हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं. मग मला म्हणाले, "ये, तूही ऐक. टायमिंग चेन आहे."

ज्यांनी इंजिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात दोन मुख्य दांडे असतात. पिस्टनच्या खाली-वर होण्याने जो फिरतो तो क्रँक. व्हॉल्व्हची उघडझाप करतो तो कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, आणि तोही नेमक्या वेळी. हा मेळ आमच्या फियाटमध्ये एक साखळी राखत असे. सायकलच्या चेनसारखीच, फक्त झाकणाआड, तेलात भिजत फिरणारी. ती ढिली झाली की कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात. फियाटमध्ये डिस्ट्रिब्युटरही कॅमवरच फिरायचा, म्हणजे ठिणगीलाही उशीर. गाडी घाटात ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते, तापते. वडील वर्षभर पेट्रोलपंपवाल्याला दोष देत होते.

"चेन लांबली" असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात ते सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक नळी, म्हणजे बुश असतो. दोन्ही एकमेकांवर घासतात. एका सांध्यात केसाच्या जाडीएवढी, समजा ०.०५ मिलिमीटर फट पडली तर ती दिसणारही नाही. पण असे साठ सांधे धरा, म्हणजे साखळी तीन मिलिमीटर लांब झाली. मामांनी ही झीज मला दाखवली. नवी चेन आडवी, तिच्या पट्ट्या जमिनीला समांतर येतील अशी, एका टोकाला धरली. ती पट्टीसारखी सरळ राहिली. जुनी तशीच धरली, तर धनुष्यासारखी वाकून लोंबली.

या बुशचा इतिहास मला फार नंतर कळला. हान्स रेनॉल्ड नावाचा स्वित्झर्लंडमधला तरुण १८७३ साली नोकरीसाठी मँचेस्टरला आला. १८७९मध्ये त्याने जेम्स स्लेटर यांचा साखळ्या बनवण्याचा लहानसा कारखाना विकत घेतला. तिथल्या साखळ्या कापडगिरण्यांतल्या यंत्रांना लागत, आणि लवकर झिजत. कारण पिनेवरचा सगळा भार बाजूच्या पातळ पट्ट्यांच्या कडांवर येई. रेनॉल्डने पट्ट्यांच्या मधे बुश बसवला. भार बुशच्या पूर्ण रुंदीवर पसरला आणि झीज कितीतरी मंदावली. १८८० साली त्याने याचं पेटंट घेतलं. आज सायकलपासून मोटारीपर्यंत जी साखळी फिरते तिचा सांधा हाच. झीज थांबवता येत नाही, पसरवता येते, हे त्याने ओळखलं होतं. पुढे १८९५मध्ये त्याने उलट्या दातांची 'मूक' साखळी काढली. मोटारी आल्या तेव्हा कॅम फिरवायला दातेरी चक्रं असत आणि ती भारी कण्हत. त्यांच्या जागी साखळी आली ती मुख्यतः शांततेसाठी. तिचीच कुरकुर ऐकायला आपण बॉनेट उघडतो, ही गंमतच.

आमच्या फियाटच्या इंजिनाचं मूळही जुनं. १०८९ सीसीचं हे इंजिन इटलीत १९३७च्या ५०८ सी या गाडीत आलं होतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बनवायला घेतली, १९६४मध्ये तिचं रूप बदललं, १९७४ला तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिनाचं माप मात्र तेच राहिलं. परवाना राज्याला आपण पुष्कळ नावं ठेवतो आणि ती ठेवायलाच हवीत. पाच वर्षं थांबून तीस वर्षं जुनी गाडी घ्यायची, यात कौतुक कसलं? पण त्याचा एक परिणाम कुणी हिशेबात धरत नाही. एकाच इंजिनाचा आवाज मुंबईतल्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकला. २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तोवर हे कान कामात होते.

मामांनी सांगितलं होतं, "चेन घेशील तर दोन्ही स्प्रॉकेटही घे. दाते खाल्लेत." मी ऑपेरा हाउसला जाऊन फक्त चेन आणली. नवी नोकरी, पैसे मोजून खर्च करायचे दिवस. शिवाय मी इंजिनिअरिंगचा पदविकाधारक, मला वाटलं मिस्त्री उगाच बिल वाढवतोय. मामा एकदाच म्हणाले, "तुझी मर्जी." झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी नीट बसत नाही. तिचा भार सगळ्या दात्यांवर सारखा पडत नाही, आणि तीही लवकर खराब होते. हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. सहा-सात महिन्यांत चिल्लर पुन्हा वाजू लागली. मी म्हटलं, लग्नसराई संपू दे.

मे महिन्यात नाशिकला चुलत बहिणीच्या लग्नाला निघालो. कसारा घाटात गाडीने दोन आचके दिले, कार्ब्युरेटरमधून फटाका वाजला आणि इंजिन बंद पडलं. साखळी दाते सोडून सरकली होती. मागे आई आणि काकू शालू सांभाळत बसलेल्या. वडील शेजारी. ते काही बोलले नाहीत. ट्रकला दोर बांधून इगतपुरीपर्यंत गेलो, हळद चुकली. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी विकून टाकली. का, ते मी विचारलं नाही.

गाडी बनवणाऱ्यांनी तोवर दुसरी वाट धरली होती. १९६२मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १००४ या गाडीत साखळीऐवजी रबराचा दातेरी पट्टा बसवला. १९६६मध्ये फियाटनेही १२४ स्पोर्टमध्ये तेच केलं. आपल्याकडे डिसेंबर १९८३ला आलेल्या मारुती ८००मध्ये पट्टाच होता. पट्टा स्वस्त, हलका, तेल लागत नाही, आवाज नाही. आवाज नाही, म्हणूनच तो सहसा सूचनाही देत नाही. तुटायचा तेव्हा तुटतो. काही इंजिनांत मग उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून कंपनीने किलोमीटर ठरवून दिले, इतके झाले की बदला. मामांना मारुती कधीच आवडली नाही. "हिला विचारायचं काय, वही बघायची!" म्हणायचे.

नव्वदीच्या अखेरीस साखळी परतली, 'इंजिनाच्या आयुष्यभर बदलावी लागणार नाही' असं सांगत. आता ती खाली क्रँकपासून पार वर डोक्यावरच्या कॅमपर्यंत जाते, म्हणून लांब. वजन आणि घर्षण वाचवायचं म्हणून बरेचदा बारीक. तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. आणि नेमका त्याच काळात तेल बदलण्याचा अवधी वाढत गेला. डिझेल इंजिनातली काजळी तेलात उतरते आणि त्या पिना-बुशांत पॉलिश पेपरसारखी घासत राहते. अमेरिकेत जनरल मोटर्सला २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या ३.६ लिटर इंजिनांच्या गाड्यांमध्ये 'तेल बदला' ही सूचना लवकर यावी म्हणून संगणकाची गणितं बदलावी लागली. कारण साखळीची झीज. बीएमडब्ल्यूने २००७मध्ये आणलेल्या एका डिझेल इंजिनात तर साखळी मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवणार कुठे?

माझ्याकडे २००९ची डिझेल गाडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तेलाच्या तारखा मीच चुकवल्या. दोन वर्षांपूर्वी डॅशबोर्डवर दिवा लागला. एका मोठ्या वर्कशॉपने यंत्र लावलं. पी ००१६ असा कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. त्यांनी सेन्सर बदलला, दिवा विझला, महिन्याने पुन्हा लागला. तेव्हा मी पहाटे, इंजिन गार असताना, गाडी सुरू करून बॉनेटशी उभा राहिलो. पहिले दोन-तीन सेकंद, तेलाचा दाब टेन्शनरपर्यंत पोचेपर्यंत, तीच चिल्लर.

मामा आता नाहीत. दुसऱ्या गॅरेजवाल्याने खर्च सांगितला तो गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पंधरा वर्षं भरत आलेली, फेरनोंदणी तोंडावर. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या." हिशेबाने त्याचंच बरोबर होतं. गॅरेजवाला तरुण मुलगा, त्याने चेन आणि टेन्शनर लिहून घेतला आणि विचारलं, "स्प्रॉकेट जुनेच ठेवू ना काका? पैसे वाचतील."

मी म्हटलं, दोन्ही बदल. गाइडही बदल. जुनी चेन मला दे.

ती घरी आणून पुसली आणि आडवी धरली. हातभर पुढे जाऊन ती खाली वाकली. तेल आता मी दर पाच हजार किलोमीटरला बदलतो, पुस्तकात त्याच्या दुप्पट लिहिलंय तरी.