हातांचे ठसे आणि तळ्याचे पाणी



पगार, बोनस आणि संप ह्यांवर बोलण्यातच माझी हयात गेली. शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि संघटनेत झाले. अशा माणसाने बालशिक्षणावर बोलावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल; पण त्यास कारण घडले.

पोलादपूरकडे कामगारांच्या बैठकीस गेलो असता एका अंगणवाडीत डोकावलो. गेरू आणि हळद पाण्यात कालवून ठेवली होती. मुले जोडीजोडीने बसली होती. बाईंचा नियम एकच : स्वतःचा हात रंगवावयाचा नाही, शेजाऱ्याचा रंगवावयाचा. त्याचा तळवा आपल्या हातात घ्यावयाचा, रंग लावावयाचा आणि कागदावर अलगद दाबावयाचा. "दुखतंय का रे?" एक चिमुरडी विचारीत होती. शेवटी सर्वांनी एकाच घमेल्यात हात धुतले.

ते घमेले पाहून मला महाडचे चवदार तळे आठवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावरच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास 1937 साल उजाडले.

आम्ही कामगारही काही निराळे नव्हतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न आमच्याच पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. एका मालकाविरुद्ध लढणारे हात एकमेकांच्या स्पर्शाला भीत होते!

ही भीती जन्मतः नसते. ती घरीदारी शिकविली जाते. म्हणून तिच्यावरचा उपायही लहानपणीच व्हावयास हवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी 1945 पासून बोर्डी येथे हेच ओळखून काम केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पाने, बिया, माती हीच साधने. 1975 साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले.

मंडळी, मुलांना 'दया करा' असे सांगून भागत नाही. दया करणारा वर उभा राहतो आणि घेणारा खाली. पोलादपूरच्या त्या खेळात रंगविणारा आणि रंगवून घेणारा आळीपाळीने बदलत होते. एकमेकांना जपणे ते हातांनी शिकत होते. कायद्याने तळे खुले झाले. शेजाऱ्याचा हात हातात घेण्याची सवय मात्र कोणताही कायदा लावू शकत नाही. ती आपणच आपल्या मुलांना लावली पाहिजे.