आंबेनळीच्या माथ्यावरचे युरोप

सुट्टीच्या दिवशी युरोपातील एखाद्या शहरात कामाविना हिंडावे, प्रार्थनामंदिर पाहावे, ग्रंथालयात डोकवावे, सायंकाळी उंच जागी जाऊन सूर्यास्त न्याहाळावा, या कल्पनेत आज आपणांस नवल वाटत नाही. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांनी हा आनंद घेतलेला आहे. परंतु हिंडण्याच्या या रीतीचा इतिहास केवळ सातासमुद्रापलीकडचा नव्हे. त्याचे एक पान रायगड जिल्ह्यात, पोलादपूरच्या आंबेनळी घाटात उलगडते. कारण त्या घाटाच्या माथ्यावर इंग्रजांनी आपल्यापुरते एक लहानसे युरोप वसविले होते.

आंबेनळीपूर्वी या डोंगरातून पारघाटाची वाट होती. १६५६ साली प्रतापगड उभा राहिला तो याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी, आणि १६५९ साली अफझलखान आला तोही पारच्या परिसरातच. वरच्या टप्प्यातील चढण अशी अवघड की लोकांनी तिला ‘रडतोंडी’ म्हटले. साहेबांच्या जिभेवर त्याचे ‘रोटुंडा’ झाले. गोल घुमटाच्या इमारतीस युरोपात हाच शब्द आहे. त्यामुळे घामाने निथळणाऱ्या चढणीस नकळत राजेशाही नाव लाभले!

१८२४ साली जनरल लॉडविक या डोंगरावर चढून आले. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी ही थंड जागा हेरली. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन, वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरचा प्रदेश कंपनी सरकारकडे आला. नव्या वसाहतीस ‘माल्कमपेठ’ हे नाव पडले. आगगाडीपूर्वी मुंबईचे प्रवासी जलमार्गाने बाणकोटला येत, सावित्रीच्या खाडीने महाडकडे सरकत आणि तेथून पालखीत बसून घाट चढत. पालखीत बसणारे कोण, याची नोंद आहे. पालखी वाहणाऱ्या भोयांची नावे मात्र कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत.

माथ्यावरचा दिवस कसा जाई, हे तेथील स्थळांची नावेच सांगतात. आर्थर मॅलेट यांनी जेथे घर बांधले ते ‘आर्थर सीट’. मुंबईच्या जुन्या वाटेवरचा ‘बॉम्बे पॉइंट’ सूर्यास्त पाहण्याचा. ‘एल्फिन्स्टन पॉइंट’ आणखी एका गव्हर्नरांच्या आठवणीचा. १८६४ साली वाचनालयासाठी ‘फ्रिअर हॉल’ उभा राहिला. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधविला. सकाळी फेरफटका, दुपारी वाचन, सायंकाळी कड्यावर गप्पागोष्टी, हे वेळापत्रक विलायतेतील एखाद्या आरोग्यस्थानाचेच होते. ‘पॉइंट’ हा शब्द आपल्या बोलीत इतका मुरला की आज घाटातला टपरीवालाही तो मराठीच समजतो.

या निवांतपणाची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली, हेही इतिहासकाराने लिहिले पाहिजे. १८३४ पासून येथे एक तुरुंग होता. पूर्वेकडील सिंगापूरच्या बाजूच्या इंग्रज वसाहतींतून चिनी व मलायी कैदी येथे आणले गेले. त्यांनी बागा फुलविल्या, बटाट्यासारखी पिके घेतली, रस्त्यांची कामे केली. १८६४ साली तुरुंग बंद झाला. ‘चायनामन’ नावाचा धबधबा तेवढा त्यांची आठवण सांगतो. डोंगरात लोखंड गाळणारे धावड राहत. जंगलांवर सरकारी निर्बंध आले, कोळसा मिळेना, आणि त्यांचा पिढीजात धंदा बुडाला. पाहणाऱ्यासाठी जी हिरवी शोभा राखली गेली, तिच्यात दुसऱ्याची भाकरी हरवली होती.

१८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईकर पुणे, वाई, पाचगणी या बाजूने येऊ लागले. आंबेनळीतून गाडीरस्ता झाला, त्यास १८६७ ते १८७२ या काळातील गव्हर्नर सर विल्यम सेमूर फिट्झगेराल्ड यांचे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र जुने आंबेनळीच टिकले. रडतोंडीला रोटुंडा करणाऱ्यांना आंबेनळीचे फिट्झगेराल्ड काही करता आले नाही.

स्वातंत्र्यानंतर पालखी गेली, बस आली, आणि एका दिवसाची सहल सर्वांच्या आवाक्यात आली. हे मोठेच सामाजिक परिवर्तन होय. परंतु घाटाचा स्वभाव बदलला नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचारी सुट्टीच्या दिवशी सहलीस निघाले होते. त्यांची बस आंबेनळीच्या दरीत कोसळली. एकजण वगळता बसमधील सारे दगावले. पोलादपूर व महाबळेश्वरचे गिर्यारोहक दोरखंड लावून त्या दरीत उतरले. पुढे जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाडमध्ये तळिये, पोलादपूरमध्ये केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडींनी घरे गाडली. आंबेनळीचा रस्ताही ठिकठिकाणी खचला.

आर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे पाहताना प्रवासी म्हणतो, ‘किती सुंदर!’ ते खरेच आहे. पण कड्यावरून जी हिरवळ दिसते, तीत वाड्या आहेत, नाचणीची खाचरे आहेत, पावसाळ्यात रात्र जागून काढणारी माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकातील साहेबाने दृश्य पाहिले आणि त्यास आपले नाव दिले. त्याने आपणांस पाहण्याची हौस दिली, हे ऋण मान्य करावे. मात्र त्याची उंचावरून पाहण्याची सवय तेवढी उचलू नये. सुट्टीचा दिवस रोममध्ये घालवावा की महाबळेश्वरात, हा आपल्या ऐपतीचा प्रश्न आहे. जेथे जाऊ तेथील रस्ता कोणी खोदला आणि कड्याखाली कोण राहते, एवढे विचारणे मात्र कोणासही परवडते. त्या प्रश्नानेच स्थलदर्शनाला इतिहासाची खोली लाभते.