स्वस्त ताटाचा हिशेब

खाण्याचा धंदा काढू म्हणणाऱ्या गटांचा आम्हाला नेहमी एकच प्रश्न असतो. पोळी-भाजीचं ताट कितीला विकायचं? आज आम्ही आकडा सांगण्याआधी जरा मागे जाणार आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कामावर आलेल्या माणसांना स्वस्तात जेवू घालण्याचं काम कित्येक पिढ्या चाललंय, आणि त्यातलं बरंचसं बायकांच्या हातांनी. तुमच्यापैकी कितीजणींचे वडील, दीर, मुलगे तिकडे नोकरीला गेले आणि अशाच कुठल्या तरी बाकड्यावर बसून जेवले. ते ताट त्यांना परवडलं. ते परवडावं म्हणून तूट कोणी भरली, ते बघू.

सुरुवात आगगाडीपासून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि कोकणातून, साताऱ्याकडून माणसं कामाला येऊ लागली. आली ती बहुतेक बापेमाणसं. बायको-पोरं गावी, जमिनीचा तुकडाही गावी. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्या पोटाची सोय खाणावळीने केली. ठाण्या-कल्याणच्या खाणावळीही पुढे त्याच वळणावर गेल्या, म्हणून आधी गिरणगावातली खाणावळ नीट समजून घ्यायला हवी.

खाणावळवाली म्हणजे बहुधा गिरणी कामगाराचीच बायको, नाहीतर विधवा, नाहीतर नवऱ्याने टाकलेली. तिचं घर म्हणजे एक खोली, आणि तीच खाणावळ. उजाडायच्या आत उठून नळावर नंबर लावायचा, मग चूल नाहीतर घासलेटचा स्टो, परात, पोळपाट. पहिल्या पाळीचा माणूस सकाळीच डबा मागणार, रात्रपाळीचा त्याच वेळी जेवायला टेकणार. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणायचे. पैसे महिन्याचे, पगार झाला की. मेंबर गावी गेला तर तेवढ्या दिवसांचा ‘खाडा’ धरून पैसे वजा व्हायचे. हा खाडा आम्हाला फार विचार करायला लावतो. मेंबर जेवला नाही तर त्याचा खाडा धरायची रीत होती. बाई तापाने फणफणली तरी भाकऱ्या थापतच होती, तिच्या खाड्याला वहीत जागाच नव्हती.

पूर्वी गिरणीत बायकाही पुष्कळ होत्या. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्यांचंच राज्य होतं. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. चांगला कायदा, पण भत्ता द्यायचा मालकाने. रात्रपाळीत बायकांना बंदी होतीच. त्यात नवी यंत्रं आली. मालकांनी हळूहळू बायका घेणंच कमी केलं. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईला मग काय उरलं? धुणीभांडी, बाजारात टोपली, नाहीतर खाणावळ. गिरणीत तिला पगार तरी होता. इथे ती पूर्वीइतकीच राबत होती, पण लोक म्हणायचे, ती घरीच असते.

आता पैशाची गोष्ट. मेंबर महिन्याने पैसे देणार, पण तांदूळ, डाळ, घासलेट रोज लागणार. म्हणजे महिनाभर खाणावळवालीच मेंबराला उधार जेवू घालत होती. ती स्वतः वाण्याकडून उधारीवर माल घ्यायची. वाणी उधारीचा भाव वेगळा लावायचा, मापातही मारायचा. फारच अडलं तर सावकार, आणि गहाण ठेवायला मंगळसूत्र. स्वस्त ताटाची तूट अशी भरली जात होती.

संप झाला की तर कमालच. १९७३-७४ च्या सुमारास गिरण्यांचा मोठा संप झाला. पगार बंद, म्हणून खाणावळीचे पैसेही बंद. तरी बायकांनी मेंबरांना जेवू घालणं थांबवलं नाही. हे प्रेमाताई पुरव यांनी जवळून पाहिलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. पोरवयात गोवा मुक्तिलढ्यात उतरल्या, पोर्तुगीजांची गोळी पायात झेलली, आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. त्यांनी प्रश्न उभा केला की संपात कामगार टिकतो तो या बायकांच्या जोरावर, तर त्या कामगार कशा नाहीत?

१९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला अवघ्या चौदा खाणावळवाल्या होत्या. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, एकेकीला दीड हजार रुपये. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबाला कमी व्याजाने कर्ज द्यायची योजनाही होती, पण बँकेच्या दारात या बाईला विचारायचं कोण? जामीन नाही, तारण नाही, सहीला अंगठा. मग बायकांनी एकमेकींची हमी घेतली. आज तुमच्या गटात हीच पद्धत चालते. बचत गट हा शब्द रुळायच्या आधी लालबाग-परळच्या चुलीपाशी ती चालू झाली होती. पुढे हजारो बायका मंडळात आल्या, आणि २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली पुन्हा संप झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. गिरणगाव त्यातून पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. पुष्कळ मेंबर गावी परतले. त्यांच्याकडे राहिलेली खाणावळीची बाकी कुठल्या मागणीपत्रात आली असेल, असं आम्हाला वाटत नाही.

तोवर कारखानदारी रुळाच्या कडेने वर सरकली होती. ठाण्याला वागळे इस्टेट, कल्याणच्या बाजूला शहाड आणि मोहोन्याचे रेयॉनचे कारखाने, डोंबिवलीला एमआयडीसी. तिथेही एकटी माणसं आली, चाळी आल्या आणि चाळींत ‘जेवणाचे मेंबर’ घेणाऱ्या मावश्या आल्या.

शहराला रोजच्या जेवणाच्या जोडीला झटपट खाणंही लागतं. त्याची ठाण्यातली खूण म्हणजे मामलेदारची मिसळ. १९४६ साली नरसिंह मुर्डेश्वर यांनी तहसील कचेरीला लागून कँटीन सुरू केलं. कचेरीत सातबारा, दाखला, कोर्टकज्जासाठी लांबलांबच्या गावांहून माणसं यायची, साहेबाची वाट बघत दिवस जायचा. त्यांना पटकन, पोटभर आणि कमी पैशात काहीतरी हवं होतं. मामलेदार कचेरीशेजारची म्हणून ती मामलेदारची मिसळ. ती परवडायची का, हे स्वयंपाकघरातल्या बाईला लगेच कळेल. कडधान्य भिजवलं की फुगतं. एकाच पातेल्यात शेकडो वाट्या होतात. पदार्थ मोजकेच असले की काही वाया जात नाही. आणि तिखट रश्श्यासोबत पाव जास्त जातात. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकतं, खातं, उठतं. धंदा म्हणून हे शिकण्यासारखं आहे. खूप पदार्थांची यादी लावून बसणारे गट बहुधा उरलेल्या अन्नातच बुडतात.

पण अशा बाकड्यावर बाई कधी बसली? पूर्वी कचेरीत आलेली बाई पुरुषाबरोबर यायची, आणि तो आत खाऊन येईपर्यंत झाडाखाली घरची भाकरी सोडायची. हॉटेलात ‘फॅमिली रूम’ म्हणून पडद्याआड जागा असायची, नवरा सोबत असेल तर. जातीचा पडदा त्याहून जाड होता. खाणावळी जातीजातींच्या होत्या, आणि कितीतरी हॉटेलांत दलितांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असायची. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहं स्पष्ट लिहून सांगितलंय की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला तिथे अडवता येणार नाही. बायांनो, त्यात लिंग हा शब्द आहे. बाजाराच्या दिवशी एकटी बाई बाकड्यावर बसून चहा-मिसळ मागते, तेव्हा ती आपला लिहून ठेवलेला हक्क वापरते. आपल्यातल्या कितीजणी तो वापरतात, हे ज्याचं त्याने मनाशी मोजावं.

डोंबिवलीने वेगळीच तऱ्हा काढली, पोळी-भाजी केंद्राची. डोंबिवलीच्या बायका मोठ्या संख्येने मुंबईला नोकरीला जाऊ लागल्या. संध्याकाळच्या लोकलमध्ये मांडीवर पिशवी घेऊन शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका तुम्ही ऐकल्या असतील, पाहिल्याही असतील. घरी पोचायला रात्र, आणि पोळ्या तर गरम हव्यात. मग गल्लोगल्ली छोटी दुकानं निघाली. तिथे बसायला जागा नाही, पाटी नाही तर नुसता फळा. पोळी नगावर, भाजी पुड्यात, भाकरी, वरण-भात, सणाला पुरणपोळी. नोकरीवरून परतणारी बाई स्टेशनवरून येता येता पाच-दहा पोळ्या घेते आणि तिचा तासभर वाचतो.

हे आम्हाला चांगलंच वाटतं. पोळ्या विकत आणल्या म्हणून सासूची बोलणी खाणाऱ्या बाईच्या बाजूने आम्ही आहोत. तरी फळ्यामागे जरा डोकावून बघा. आत ओळीने शेगड्या, आणि त्यांच्यापुढे उभ्या राहून लाटणाऱ्या, भाजणाऱ्या बायका. काहींना रोजावर, काहींना नगावर पैसे. एकीचा तास वाचतो तो दुसरीच्या तासावर. त्या दुसरीला त्या तासाचं काय मिळतं, यावरून केंद्र चांगलं की वाईट ते आम्ही ठरवू. चटणीच्या चवीचा नंबर नंतर.

सरकारनेही स्वस्त ताट करून पाहिलं. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं निघाली. एका रुपयात भाकरी होत नाही, हे चूल माहीत असलेल्या कोणालाही कळत होतं. पाच-सहा वर्षांत योजना गुंडाळली गेली. केंद्रांच्या जागा मात्र राहिल्या, आणि कित्येक ठिकाणी तिथे वडे-भजी, चायनीजच्या गाड्या दिसू लागल्या.

२६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात, गिऱ्हाइकाला दहा रुपये. करोनाच्या टाळेबंदीत ती पाच रुपयांना दिली, आणि २०२१ मध्ये काही महिने फुकट. या योजनेने एक गोष्ट नीट केली. थाळीची खरी किंमत कागदावर मांडली. शहरात पन्नास रुपये, गावात पस्तीस. गिऱ्हाइकाचे दहा सोडून बाकीचे सरकार देणार, म्हणजे शहरात चाळीस आणि गावात पंचवीस. केंद्र चालवायला बचत गटांनाही वाव होता. ठाणे जिल्ह्यातच नव्हे, राज्यभर कितीतरी गटांनी ती घेतली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. समजा गावातलं केंद्र, रोज शंभर थाळ्या. पस्तीसप्रमाणे ३५०० रुपये झाले. यातले हजार रुपये त्याच दिवशी हातात येतात, अडीच हजार सरकारकडून येणार. ते कधी येणार? बिलं थकल्याची तक्रार केंद्रचालकांनी वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा केली आहे. म्हणजे दोन महिने पैसे अडकले तर दीड लाखांचा माल गटाने स्वतःच्या अंगावर चालवायचा. खाणावळवाली मेंबराच्या पगाराची वाट बघायची, तसंच हे. एवढं भांडवल गटापाशी नसेल तर केंद्र घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

आणि ३५०० मधून पीठ, तांदूळ, डाळ, तेल, भाजी, गॅस, जागेचं भाडं वजा करा. तुमच्या बाजाराचे भाव तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. राहिलेल्या पैशात चार बायकांचा दिवस बसतो का? आमच्याकडे आलेल्या वह्यांमध्ये शेंगदाण्यापासून काडेपेटीपर्यंत सगळं लिहिलेलं असतं, हातांची ओळ मात्र नसते. विचारलं की उत्तर येतं, ‘ते काय, घरचंच काम.’ गावात शेतमजुरीचा दर दिवसाला जो असेल तो प्रत्येकीच्या नावापुढे आधी लिहा, आजारपणाचे दोन खाडे भरपगारी धरा, मग ताटाला भाग लावा. भाव जास्त येईल. गिऱ्हाईक कुरकुरेल. मग भाजी साधी करा, पदार्थ कमी करा, मिसळवाल्यांसारखं एका पातेल्यावर या. हातांची ओळ पुसू नका.

ज्या गटांनी जेवणाचं केंद्र चालवलंय किंवा चालवून बंद केलंय, त्यांनी आपली वही घेऊन आमच्या रेडिओ केंद्रावर यावं. बंद केलेल्यांनी तर जरूर यावं. पुढच्या कार्यक्रमात तो हिशेब आपण सगळ्याजणी मिळून वाचू.